लेकरं, डोंगर आणि ऑक्टोबर हीट

ट्रेकिंग म्हटलं की आपल्या होस्टेलवर ठरलेली तीन नावं निघतात : राजगड, हरिश्चंद्रगड आणि कळसूबाई. शनिवारी रात्रीची एसटी, रविवारी पहाटे चढाई, आणि सोमवारी पहिल्या लेक्चरला मागच्या बाकावर सामुदायिक डुलक्या! त्यात मी 'आमच्याकडंही डोंगर आहेत' असं म्हणालो की सगळे हसतात. मी नेकनूरचा. बीडहून सोलापूरकडं निघालं की मांजरसुंबा लागतं, तिथून केजच्या रस्त्याला वळलं की आमचं आठवडी बाजाराचं गाव. बीड म्हणजे दुष्काळ आणि ऊसतोड, एवढंच लोकांना माहीत. पण मित्रहो, आम्ही बालाघाटावर राहतो! गोदावरी आणि भीमा यांच्या खोऱ्यांमधून अहिल्यानगर, बीड, धाराशिव, लातूर असा हा डोंगर आग्नेयेकडं उतरत जातो. मांजरा नदी यातच पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि बीड शहरातून वाहणारी बिंदुसराही याच डोंगरातली.

मान्य, आमच्या डोंगराला सुळके नाहीत, दोर लावावा असे कडे नाहीत. पायथ्यापासून शंभर-सव्वाशे मीटर चढलं की वर सपाट माळ. आणि नेमकं म्हणूनच तो चार ते दहा वर्षांच्या लेकरांना घेऊन जायला झकास आहे. तेव्हा हा लेख किल्लेवाल्यांसाठी नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर ज्यांच्या अंगाखांद्यावर भाचे-पुतणे लोंबकळतात आणि 'काका, कुठंतरी ने ना' म्हणून डोकं खातात, त्यांच्यासाठी आहे. तीन वर्षं मी हे काम इमानेइतबारे करतोय. गल्लीतली आठ-नऊ लेकरं, मी, माझा चुलतभाऊ आणि बहीण. त्यातून जे कळलं ते आणि आपण वर्गात जे शिकतो ते, याची ही मिसळ.

आधी, शरदातच का? पावसाळ्यात वाट निसरडी असते आणि ओढ्याचा भरवसा नसतो. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या घरात, तेव्हा डोंगराचं नाव काढलं तर आजी काठी घेऊन मागं लागेल. हिवाळा उत्तम, पण हिवाळ्यात आमच्याकडं लेकरंच नसतात. हे वाक्य चुकून लिहिलेलं नाही. दसरा झाला की मुकादमांच्या गाड्या लागायला लागतात. उचल घेतलेले 'कोयते' (नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडं कोयता म्हणतात) टोळीनं पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं निघतात. काही लेकरं आजी-आजोबांजवळ राहतात, काही शाळेच्या हंगामी वसतिगृहात. उरलेली आई-बापाबरोबर ट्रकमधल्या सामानावर बसून जातात आणि पुढचे पाच-सहा महिने उसाच्या फडाशेजारी कोपीत राहतात. म्हणजे गल्लीतली सगळी पोरं एकत्र असण्याचे दिवस पाऊस उघडल्यापासून गाड्या लागेपर्यंतच. गेल्या वर्षी आमच्या नऊ जणांपैकी चार जण आठवड्याभरात गेले. त्यामुळं 'पुढच्या रविवारी बघू' हे आमच्या सहलीत चालत नाही. ठरला तो रविवार गाठायचाच असतो, आणि तो धड पार पाडायचा असतो.

आता मुद्द्यावर. या दिवसांत खरा शत्रू ऊन. ऑक्टोबर हीट हा शब्द आपण नुसता वापरतो, पण कारण बघा. परतीचा पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात महाराष्ट्रातून निघतो, ढग हटतात. सूर्य मात्र अजून फार दक्षिणेला गेलेला नसतो. १५ ऑक्टोबरला आमच्या अक्षांशावर भरदुपारी तो क्षितिजापासून साधारण ६२ अंश वर असतो. जमिनीत अजून ओल असते, तिची वाफ होत राहते, म्हणून हवा दमट. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. त्यात आमचा डोंगर काळ्या बेसाल्टचा. दगड तापला की वरून सूर्य आणि खालून तवा!

लहान मुलाला हे मोठ्यांपेक्षा जास्त का लागतं, याचं उत्तर आपल्या हीट ट्रान्सफरच्या पुस्तकात आहे. वस्तू लहान झाली की घनफळाच्या मानानं तिचा पृष्ठभाग वाढतो. ६५ किलोच्या माणसाच्या त्वचेचं क्षेत्रफळ साधारण १.७ चौरस मीटर, २० किलोच्या मुलाचं ०.८. दर किलोमागं हिशेब केला तर मुलाचा पृष्ठभाग आपल्या दीडपट भरतो. म्हणजे पोरगं हा फिन्स लावलेला छोटा सिलिंडरच. सावलीत, वाऱ्यावर तो आपल्यापेक्षा लवकर थंड होतो, आणि तापलेल्या दगडांमध्ये उन्हात आपल्यापेक्षा लवकर तापतो. २०११ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं म्हटलं की पाणी आणि विश्रांती नीट मिळाली तर निरोगी मुलं उन्हाला मोठ्यांइतकीच तोंड देतात. पण त्यातला 'नीट मिळाली तर' महत्त्वाचा, कारण खेळाच्या नादात लेकरू पाणी मागत नाही. म्हणून आम्ही मागण्याची वाटच बघत नाही. दर वीस मिनिटांनी बहीण शिट्टी वाजवते, सगळे सावली बघून खाली बसतात आणि चार-पाच घोट पाणी पितात. तहान असो नसो. माणशी तासाला अर्धा लिटर धरून पाणी न्यायचं आणि ते मोठ्यांनी उचलायचं. एका बाटलीत मीठ-साखरेचं पाणी : एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. अंदाजानं मूठभर मीठ टाकायचं नाही, जास्त मीठ मुलाला घातक असतं. लेकरू गप्प झालं, चिडचिड करायला लागलं, डोकं दुखतंय म्हणालं, तर तो हट्ट समजू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, ओल्या रुमालानं अंग पुसा आणि तिथून मागं फिरा. बरळायला लागलं, झोपाळलं किंवा उलट्या थांबेनात, तर ती दवाखान्याची वेळ झाली.

याच पृष्ठभागाची दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही. मांजरसुंब्याजवळ कपिलधार आहे. मन्मथस्वामींची समाधी, शेजारी कड्यावरून पडणारा धबधबा. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला दिंड्या चालत येतात, त्यात कडेवरची लेकरंही असतात. पाऊस बरा झालेला असेल तर दसऱ्या-दिवाळीपर्यंत धार टिकून असते. तिथं पोरं भिजणार, याला इलाज नाही. पण चार वाजता भिजलेलं पोरगं दरीतल्या सावलीत पाच वाजता कुडकुडायला लागतं, आपल्याला मात्र काहीच वाटत नसतं. एक कोरडा शर्ट पिशवीत असला की काम भागतं. आणि धबधब्याखालचा शेवाळलेला दगड पाऊस संपल्यावर वरून वाळलेला दिसतो, खालून ओला असतो. तिथं हात धरल्याशिवाय एकही पाऊल टाकू द्यायचं नाही. डोहात तर उतरू द्यायचंच नाही, काठावरून तळ दिसत असला तरी.

बरं, वेळेचा हिशेब कसा करायचा? नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक सोपा नियम दिला : सपाटीला तासाला ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. दोन किलोमीटर चाल आणि शंभर मीटर चढ असला तर २४ मिनिटं अधिक १० मिनिटं, झाली ३४. आमच्या पोरांबरोबर याच हिशेबाच्या वाटेला पावणेदोन तास लागतात! नाइस्मिथसाहेबांनी वाटेतला सरडा, मुंग्यांचं वारूळ, 'काका शू' आणि 'ह्यानं माझा दगड घेतला' हे धरलेलं नाही. त्यामुळं माझा नियम असा की नाइस्मिथला तिनानं गुणायचं.

आणि मुलं दमतात म्हणजे नेमकं काय होतं? हा हिशेब मी एकदा जर्नलच्या मागच्या पानावर केला. २० किलोचं मूल १०० मीटर वर नेण्यासाठी एमजीएच काढा : २० गुणिले ९.८ गुणिले १००, म्हणजे १९,६०० ज्यूल, साधारण ४.७ किलोकॅलरी. स्नायूंची कार्यक्षमता २०-२५ टक्के धरली तरी खर्च वीस-पंचवीस किलोकॅलरी. चालण्याचा खर्च वेगळा, पण चढण्यापुरता विचार केला तर शेंगदाण्याच्या चिक्कीचा छोटा तुकडा पुरतो! मग अर्ध्या वाटेत 'मला उचलून घे' कशाला? एक तर लहान पावलांना तेवढ्याच अंतरात जास्त पावलं टाकावी लागतात, त्यामुळं किलोमागं खर्च आपल्यापेक्षा जास्त. पण माझ्या मते निम्मी दमणूक ही दमणूक नसतेच, तो कंटाळा असतो. सरळ, एकसारखी चढण असली की पोरं बसतात. तेच कुणी ओरडलं 'ए, मोराचं पीस!' की ज्याला पाऊल उचलवत नव्हतं तो सगळ्यांच्या पुढं. म्हणून रिकाम्या पोटी नेऊ नका हे तर आहेच, पण रिकाम्या डोक्यानंही नेऊ नका.

डोक्याला खुराक द्यायला बालाघाट तयारच आहे. आमचा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर साचले. त्यातले काही घट्ट, काही बुडबुड्यांच्या भोकांचे आणि ठिसूळ. ठिसूळ थर लवकर झिजतो, घट्ट थर कड्यासारखा उभा राहतो, म्हणून पायरी तयार होते. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्दही जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. मुलांना मी एवढंच सांगतो की हा राक्षसाचा जिना आहे आणि प्रत्येक पायरीवर थांबायचं. थांबा मोजता येतो, त्यामुळं 'अजून किती' हा प्रश्न बंद होतो. दगडांच्या भोकांत पांढऱ्या गारगोट्या सापडतात, त्यावर भांडणं होतात, होऊ द्यावीत.

दुसरी गंमत कुसळाची. कुसळी गवत या दिवसांत वाळतं आणि त्याची कुसळं मोज्यात, पायजम्यात, जिथं नको तिथं घुसतात. एक कुसळ तळहातावर ठेवून त्यावर थुंकी लावा. ते स्वतःभोवती फिरायला लागतं! त्याच्या शेपटीची एक बाजू ओलाव्यानं जास्त फुगते, म्हणून पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा पीळ बसतो. दिवसा-रात्रीच्या ओलाव्यावर चालणारा हा स्क्रू आपलं बी स्वतःच मातीत रोवतो. मोटर नाही, बॅटरी नाही. माझा सात वर्षांचा भाचा हे अर्धा तास बघत होता. त्याला घरी पुस्तकासमोर पाच मिनिटं बसवून दाखवा!

आता भीतीच्या गोष्टी, कारण घरातली मोठी माणसं परवानगी देताना हेच विचारतात आणि त्यांना खरी उत्तरं द्यायला हवीत.

पहिली वीज. परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडत येतो आणि आमचा माळ सपाट, उघडा. त्यावर माणूस हाच सगळ्यात उंच खांब. चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, तिनानं भागा, तेवढे किलोमीटर वीज लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वेळ न घालवता उतरायला लागायचं. एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, एकमेकांना चिकटून उभं राहायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं 'दामिनी' नावाचं ॲप आसपासच्या विजेचा इशारा देतं, ते निघायच्या आधी बघावं. पण सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सकाळी सहाला निघणं आणि अकराच्या आत खाली येणं. ऊन आणि वीज दोन्ही टळतात.

दुसरी विंचू-साप. पोरांना दगड उलटायची भारी हौस. आमच्यात नियम असा की दगड पायानं किंवा काठीनं हलवायचा, हातानं नाही, आणि हलवायचा तो आपल्यापासून लांबच्या दिशेनं. लाल विंचवाचं विष लहान मुलांना जास्त का बाधतं, तर पुन्हा तोच हिशेब : विष तेवढंच, वजन एक तृतीयांश. एके काळी या दंशानं कितीतरी मुलं दगावायची. जालना जिल्ह्यातल्या देहेडमधून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला राहून १९८० च्या दशकात प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा यावर उपयोग होतो हे दाखवून दिलं, तेव्हापासून चित्र पालटलं. त्यांना २०२२ साली पद्मश्री जाहीर झाली. मराठवाड्यातल्या माणसाचं हे काम आपल्या कॉलेजात किती जणांना माहीत आहे? असो. मुद्दा हा की औषध आहे, पण ते दवाखान्यात आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषावरची लसही तिथंच. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, देवळाकडं न्यायचं नाही. चावलेला हात किंवा पाय हलू न देता मुलाला उचलायचं आणि १०८ ला फोन लावायचा. कुठल्या टेकाडावर मोबाईलला रेंज येते हे आधीच्या दिवशी बघून ठेवा.

तिसरी गोष्ट बिबट्या. २०२० च्या नोव्हेंबरात आमच्याच जिल्ह्यात आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यात एक लहान मुलगाही होता. नेकनूर आष्टीपासून लांब आहे, पण तेव्हापासून आमच्याकडं कुणी ही गोष्ट हसण्यावारी नेत नाही. उपाय साधा आहे : एक मोठा माणूस सगळ्यांत पुढं, एक सगळ्यांत मागं, मधली माळ तुटू द्यायची नाही, आणि अंधाराच्या आत गावात. इथं शरदाची एक खोडी लक्षात घ्या. आमच्याकडं १ ऑक्टोबरला सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळतो, १ नोव्हेंबरला सहाला सातएक मिनिटं कमी असताना. महिन्याभरात वीस-बावीस मिनिटं गायब! दसऱ्याला ज्या वेळेला उजेडात परतलो त्याच वेळेला दिवाळीत अंधार पडलेला असतो.

चौथी आग्यामोहळं. कड्याच्या कपारीत काळं पोळं लोंबताना दिसलं तर त्याच्या खालून न जाता वाट बदला. धूर, दगड, आरडाओरडा, भडक अत्तर, सगळं बंद. पोरांना याचं कारण नीट समजावून सांगितलं तर ती आपल्यापेक्षा गप्प चालतात, हा अनुभव आहे.

उतार मात्र मला अजूनही चढापेक्षा अवघड वाटतो. वाटेवर मुरूम असतो, तो बुटाखाली बॉल बेअरिंगसारखा फिरतो. वाळलेलं गवत तर त्याहून घसरडं. चढताना पोरगं पडलं तर पुढं हातावर पडतं, उतरताना पडलं तर गडगडतं. म्हणून उतरताना मोठ्या माणसानं मुलाच्या खालच्या बाजूला राहायचं. फार दमलेल्याला पाठुंगळी घ्या, खांद्यावर बसवू नका. तुमचा गुरुत्वमध्य वर जातो आणि पाय घसरला की दोघंही जातात. चपला नकोतच. नवे बूटही नकोत, शाळेचे जुने कॅनव्हासचे सगळ्यांत चांगले.

आणि या सगळ्या खटाटोपाचं बक्षीस म्हणजे सीताफळं! बालाघाटाच्या उतारावर ती आपोआप उगवतात आणि बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्या लेकरांना हे मानांकन कळत नाही, पण फळाचे डोळे उघडलेत की नाही हे पाच वर्षांचं पोर लांबून सांगतं. डोळ्यांमधल्या भेगा पिवळसर-पांढऱ्या झाल्या की फळ उतरवायचं, घरी गवताच्या अढीत घातलं की तीन-चार दिवसांत पिकतं. कुणाच्या बांधावरचं असेल तर विचारून, आणि झाडावर पाखरांसाठी ठेवून. बिया चावू देऊ नका आणि बियांचे हात डोळ्याला लावू देऊ नका, डोळा भयंकर चुरचुरतो.

गेल्या वर्षी वाटणी करताना माझ्या पुतणीनं एक हिशेब मांडला. जे गाडीत बसून जाणार आहेत त्यांना पिकायला आलेली, जे गावातच राहणार त्यांना कच्ची, कारण त्यांच्याकडं अढी घालायला घर आहे. कुणी तिला शिकवलं नव्हतं. चौघांनी आपापली फळं शर्टात बांधून नेली, आणि मागं राहिलेले पाच जण आजीच्या ओसरीवर रांगेत बसून मोज्यातली कुसळं काढत बसले.